टाच दोन वर्षं दुखते आहे: हुळहुळ्या झालेल्या नसांबद्दल

प्रश्न थोडक्यात असा. वय ४६, नाशिकला इंदिरानगरमध्ये राहणाऱ्या शिक्षिका. उजवी टाच दोन वर्षं दुखते आहे. आधी फक्त सकाळचं पहिलं पाऊल दुखायचं. आता दिवसभर दुखतं, कळ पोटरीपर्यंत जाते, आणि तीन महिन्यांपासून डावी टाचही कुरकुरते. एक्स-रेत ‘हाड वाढलंय’. दोन इंजेक्शनं झाली. पहिल्याने दीड महिना बरं वाटलं, दुसऱ्याचा काहीच उपयोग नाही. एमसीआर (मऊ रबरी तळव्याची) चप्पल, सिलिकॉनच्या गाद्या, रुईचं पान ठेवून गरम विटेचा शेक, सगळं झालं. हल्ली रात्री चादर घासली तरी सहन होत नाही. एमआरआयत ‘फार काही नाही’. एक डॉक्टर म्हणाले, नसा संवेदनशील झाल्यात. घरचे म्हणतात, मनाचं आहे. सासूबाई वर्षभर अंथरुणाला खिळून आहेत, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. विचारताहेत: हे मनाचं आहे का, ऑपरेशन करून टाकू का, आणि श्रावणात त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी जमेल का.

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. यंदा फेरी नको. वीसेक किलोमीटर, त्यात अनवाणी, पावसात, रात्रीची. तुमच्या आजच्या टाचेला ते झेपणार नाही. श्रावणातला तिसरा, फेरीचा सोमवार झाला की पुढच्या आठवड्यात फिजिओथेरपीसाठी माझ्याकडे टाचांची रांगच लागते. पुढच्या वर्षीच्या फेरीला मात्र मी आत्तापासून नाही म्हणणार नाही.

आता ‘मनाचं आहे का’. नाही. एवढा एक शब्द घरी मोठ्याने वाचून दाखवा, पुढचं सावकाश वाचा.

टाचेच्या हाडाच्या आतल्या बाजूने एक जाड पट्टा निघतो आणि बोटांच्या मुळांपर्यंत जातो. त्याचं नाव प्लांटर फॅशिया. मी पेशंटना ‘तळव्याचा पट्टा’ म्हणते. चालताना टाच उचलली गेली आणि बोटं वर वळली की हा पट्टा रहाटावर दोर गुंडाळावा तसा ओढला जातो आणि पायाची कमान वर उचलली जाते. हिक्स यांनी १९५४ साली हे मांडलं, आणि आजही पायाच्या व्यायामाचा विचार तिथूनच सुरू होतो. रात्रभर पाय सैल पडलेला असतो, सकाळी एकदम सगळं वजन आलं की पट्टा हाडाला जिथे चिकटतो तिथे कळ येते. पहिल्या पावलाची कळ ती हीच.

या दुखण्याला सगळे ‘सूज’ म्हणतात. नावातच तसं आहे, फॅसायटिस. पण २००३ साली लेमाँट आणि सहकाऱ्यांनी टाचेच्या शस्त्रक्रियांमधून काढलेले ५० नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांना सुजेच्या खुणा सापडल्या नाहीत; सापडली ती झीज, विस्कटलेले तंतू. म्हणून सुजेच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही जुनी टाच हलत नाही. पोट मात्र बिघडतं.

आणि ते वाढलेलं हाड. या एका वाक्याने नाशिकमध्ये जितकी माणसं चालायची बंद झाली असतील तितकी टाचेने झाली नसतील, असं मला कधीकधी वाटतं. असा काटा कधीच टाच न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत असतो. पण एकदा एक्स-रेवर बोट ठेवून कुणी दाखवला की माणूस प्रत्येक पावलाला ‘तो आत रुततोय’ असं समजून पाय टाकतो. टाच टेकवायची नाही, चवड्यावर चालायचं, मग पोटरी आखडते, मग दुसऱ्या पायावर भार. तुमची डावी टाच अशीच सुरू झाली असण्याची शक्यता मी नाकारणार नाही. पण तेवढ्याने चादरीचं कोडं सुटत नाही.

त्यासाठी दुखणं प्रवास कसं करतं ते बघावं लागतं. टाचेतल्या बारीक नसांच्या टोकांना ताण, दाब, झीज कळते. तो निरोप पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत येतो. तिथे दुसरी पेशी तो हातात घेते आणि मेंदूकडे धाडते. वरून मेंदूही खाली आपली माणसं पाठवत असतो: हा निरोप आवर, हा जाऊ दे. मज्जारज्जूत असं दार आहे आणि ते कमी-जास्त उघडतं, ही कल्पना मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडली. १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवलं की पायाला इजा झाल्यावर मज्जारज्जूतल्या पेशी स्वतःच जास्त उत्तेजित होऊन बसतात, आणि मग एरवी ज्याला दाद दिली नसती अशा हलक्या गोष्टीलाही जोरात प्रतिसाद देतात.

मी पेशंटना गणपती मंडळाचा माइक सांगते. कुणीतरी ॲम्प्लिफायरचा कान पिळून ठेवलाय. आता बोलणारा कुजबुजला तरी चौकापलीकडे ऐकू जातं, कागद चाळला तरी खरखर, मध्येच शिट्टी. बोलणाऱ्याचा घसा तपासून काय मिळणार? आपल्या भाषेत याला फार नेमका शब्द आहे, हुळहुळं होणं. भाजल्यावर कातडी हुळहुळी होते, वाराही लागला तरी नको होतो. तुमच्या बाबतीत कातडीबरोबर आतली दुखण्याची सगळी यंत्रणाच हुळहुळी झाली असावी. वैद्यकात याला मध्यवर्ती संवेदनशीलता म्हणतात. दुखण्याची जागा पसरते, कारण मज्जारज्जूतली एकेक पेशी आता आधीपेक्षा मोठ्या मुलखाचे निरोप घ्यायला लागते. चादरीचा स्पर्श दुखतो, कारण स्पर्शाच्या साध्या वाटाही त्याच खोलीत जाऊन पोचतात. वरून येणारा ब्रेकही सैल पडतो. झोप मोडली की तो आणखी सैल पडतो.

यातलं काहीही तुम्ही मनात आणून घडवलेलं नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ साली अशा दुखण्याला स्वतंत्र नावच दिलं, नोसिप्लास्टिक. इजेचा स्पष्ट पुरावा नाही, नसही कापली-दबलेली नाही, पण दुखणं तयार करणारी यंत्रणा बदललेली आहे. मात्र ‘हो, मला हेच झालंय’ म्हणून लगेच मोकळ्या होऊ नका. बहुतेक जुन्या टाचांमध्ये दोन्ही असतं: पट्ट्याची थोडी खरी झीज, आणि तिच्यावर चढवलेला आवाज. किती कुठलं, हे तपासल्याशिवाय कळत नाही. टाचदुखीच्या पेशंटांवर दाब मोजून केलेल्या काही अभ्यासांत टाचेपासून लांबच्या जागाही नेहमीपेक्षा कमी दाबाला दुखताना आढळल्या. पण प्रत्येक टाचेत तसं सापडत नाही. नवीन, दोन-तीन महिन्यांच्या टाचेत तर मी त्याच्या मागेही लागत नाही.

मी कशी बघते ते सांगते, म्हणजे तुम्ही जिथे दाखवाल तिथे निदान विचारता तरी येईल. पेशंटला पालथं झोपवते. अंगठ्याने टाचेच्या आतल्या कडेवर दाबते, माझं नख पांढरं पडेपर्यंत. तो दाब साधारण ४ किलोचा होतो. तिथे दुखणारच. मग तोच दाब चांगल्या टाचेवर, पोटरीवर, नडगीच्या बाजूच्या स्नायूवर, आणि शेवटी हाताच्या कोपराखाली. कोपराखाली दाबल्यावर माणूस ‘आई गं’ म्हणाला की मी थांबते. त्या हाताला काही झालेलं नसतं. मग एक टूथपिक घेते आणि टाचेजवळ एकाच ठिकाणी सेकंदाला एक अशा दहा टोचण्या देते, सगळ्या सारख्याच जोराच्या. पहिली किती दुखली, दहावी किती, दहापैकी आकडा सांगायचा. बऱ्याच जणांची दुसरी संख्या थोडीच वाढते. काहींची दोनाची सात होते. शेवटी कापसाचा बोळा तळव्यावरून फिरवते. कापूसही नको वाटला तर चादरीची तक्रार खरी आहे, हे मला पेशंटने पटवून द्यावं लागत नाही. ही काही मीटर लावून केलेली चाचणी नाही. पण पंधरा मिनिटांत एवढं कळतं की मी फक्त टाचेवर हात ठेवून बसले तर फसणार आहे.

अंबडच्या एमआयडीसीतले एक काका होते, बारा तासांची शिफ्ट, काँक्रीटवर उभं राहून. मशीनमधून टाच दाबली तरी चालेल पण हात लावू नका, म्हणायचे. आठ महिने चवड्यावर चालले होते. त्यांची दहावी टोचणी नऊवर गेली होती. मी टाचेला हात न लावता पहिले दोन आठवडे फक्त त्यांची झोप, चालण्याची मिनिटं आणि स्पर्शाचा सराव एवढंच केलं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतःहून टाच टेकवून दाखवली.

आता एक चूक सांगते, माझीच. तिशीही न गाठलेला एक मुलगा, दोन्ही टाचा, वर्षभर. टोचण्यांचे आकडे वाढलेले, झोप खराब. मी संवेदनशीलतेच्या कप्प्यात टाकला आणि दोन महिने काम केलं. त्याला सकाळी कंबर तासभर आखडलेली असते आणि हालचाल केली की मोकळी होते, हे मी विचारलंच नव्हतं. संधिवाततज्ज्ञांकडे गेल्यावर कळलं की मणक्याचा दाहजन्य संधिवात आहे. टाच हे त्याचं नुसतं दार होतं. तेव्हापासून हे प्रश्न मी आधी विचारते, आणि तुम्हीही स्वतःला विचारा. सकाळची कंबर कशी असते? टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबली तर हाडातून कळ येते का? तशी आली तर हाडाला बारीक तडा असू शकतो. घोट्याच्या आतल्या बाजूला टिचकी मारली की तळव्यात मुंग्या येतात का? मग नस दबल्याचा विचार. ‘टक्‌’ असा आवाज येऊन तळव्यात एकदम काही सुटल्यासारखं झालं होतं का, विशेषतः इंजेक्शननंतर? विश्रांती घेतानाही रात्री वाढणारं दुखणं, ताप, वजन उतरणं असेल तर माझ्याकडे येऊ नका, आधी डॉक्टरांकडे जा. साखर, थायरॉइड, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व एकदा बघून घ्या. शाकाहारी असाल तर बी-१२ जास्तच.

ऑपरेशनबद्दल. तुम्ही सांगितलेलं चित्र खरं असेल, पसरलेलं दुखणं, स्पर्श सहन न होणं, एमआरआय जवळपास साफ, तर मी घाई करणार नाही. ऑपरेशनने पट्ट्याचा ताण कमी होईल, ॲम्प्लिफायरचा कान तिथेच राहील. गुडघ्याच्या सांधेबदलात हे बऱ्यापैकी अभ्यासलं गेलंय: ज्यांची यंत्रणा आधीच हुळहुळी असते, त्यांच्यात ऑपरेशननंतरही दुखत राहण्याचं प्रमाण जास्त. तिसरं इंजेक्शनही नको. त्याचा फायदा काही आठवड्यांचा असतो, आणि पुन्हा पुन्हा दिल्यास पट्टा फाटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो. ती गादी गेली की परत येत नाही.

मग करायचं काय. इथे बरेच जण दोन टोकं गाठतात. एक, ‘नसांचं आहे ना, मग टाचेला काही करायचंच नाही’. दुसरं, यूट्यूबवरचा व्यायाम पहिल्या दिवशी पन्नास वेळा. तुमच्यासाठी भार हवाच, पण चमच्याने.

पहिले दोन आठवडे एक वही. सलग किती मिनिटं चाललं की दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळी चढलेलं असतं, एवढंच लिहायचं. समजा बारा मिनिटं. मग आपला आकडा नऊ. रोज नऊ, बरं वाटलं तरी नऊ, वाईट वाटलं तरी नऊ. यात कठीण भाग बरं वाटण्याच्या दिवसाचा आहे. ज्या दिवशी टाच गप्प बसते त्या दिवशी आपल्या बायका माळा काढतात, डबे घासतात, आणि पुढचे तीन दिवस पाय उशीवर. हुळहुळ्या यंत्रणेला हे चढ-उतारच सगळ्यात जास्त चिडवतात. आठवडाभर सकाळ चढली नाही की एक मिनिट वाढवा. तुमच्याकडे इंदिरानगरचा जॉगिंग ट्रॅक आहे, तिथे चाला. घरातल्या टाइल्सवर अनवाणी फेऱ्या नकोत. व्यायामानंतर दुखणं थोडं वाढलं आणि २४ तासांत जागेवर आलं तर ते चालतं. इजा झाली असा त्याचा अर्थ नाही. २४ तासांनंतरही चढलेलंच राहिलं तर मात्रा जास्त झाली.

पट्ट्यासाठी एकच व्यायाम सांगते, दहा नको. जिन्याच्या पायरीवर उभं राहायचं, कठडा धरून. बोटांखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी, म्हणजे बोटं वर वळतात आणि तो रहाट ओढला जातो. तीन मोजत टाचा वर, दोन मोजत थांबा, तीन मोजत खाली. दिवसाआड. रॅथलेफ यांच्या डेन्मार्कमधल्या अभ्यासात ४८ पेशंट होते. तीन महिन्यांनी या व्यायामाचा गट नुसत्या ताणाच्या व्यायामापेक्षा पुढे होता, वर्षाअखेर मात्र दोन्ही गट बरोबरीला आले. त्यांनी एका पायावर, पाठीवर पुस्तकांची सॅक वाढवत नेली. तुम्ही तिथून सुरुवात करू नका. आधी दोन्ही पायांवर, आठ वेळा, एकदाच. एका पायावर यायला महिना लागला तरी चालेल. सॅकमध्ये घालायला वह्यांचे गठ्ठे तुमच्याकडे असतीलच.

चादरीसाठी वेगळा सराव. रात्री जेवणं झाली की पाच मिनिटं, जुनी मऊ साडी तळव्यावरून फिरवायची, स्वतःच्या हाताने आणि बघत. ती सवयीची झाली की टॉवेल. मग परातीत कोरडे तांदूळ घेऊन त्यात पाय. शेवटी काथ्याचं पायपुसणं. दात-ओठ खाऊन सहन करायचं नाही. ‘नको’ वाटायच्या अलीकडे थांबायचं. हे बघून घरचे हसतील, हसू द्या.

झोपेचं सगळ्यात अवघड आहे, आणि माझ्या मते तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठं. वर्षभर तुकड्यातुकड्यांची झोप हा त्या ॲम्प्लिफायरवरचा सरळसरळ हात आहे. सासूबाईंना उठवायला, कूस बदलायला आठवड्यातल्या तीन रात्री दुसऱ्या कुणी उठायचं. ही मी विनंती लिहीत नाही, औषधाची चिठ्ठी लिहितेय. पतीराजांना दाखवा. त्यांनी ‘मनाचं आहे’ म्हटलं होतं ना, तर मनाला उपयोगी पडेल म्हणून तरी उठतील.

एवढं करूनही रात्रीचं दुखणं हललं नाही तर डॉक्टर कमी मात्रेत ॲमिट्रिप्टिलीन किंवा ड्युलोक्सेटिनसारखं औषध विचारात घेऊ शकतात. मेडिकलवाला म्हणेल, ‘ही तर डिप्रेशनची गोळी’. त्या गटातलीच आहे, पण इथे ती मेंदूकडून खाली येणाऱ्या त्या ब्रेकसाठी देतात. कुणाच्या सांगण्यावरून स्वतः सुरू करू नका आणि अचानक बंदही करू नका.

वेळ किती लागेल? दोन वर्षांची टाच दोन आठवड्यांत जात नाही. साधारणपणे आधी पोटरीची कळ मागे सरते, मग दुसरी टाच, मग चादर. मूळ जागेचं सकाळचं पहिलं पाऊल सगळ्यात शेवटी जातं, त्यामुळे तेच एक मोजत बसलात तर काहीच सुधारत नाही असं वाटेल. वहीत म्हणून तीन रकाने करा: किती मिनिटं चाललात, किती तास सलग झोपलात, चादर सहन झाली की नाही. दुखण्याचा आकडा रोज लिहू नका, आठवड्यातून एकदा पुरे.

दोन आठवडे झाले की वही घेऊन कुठल्याही अनुभवी फिजिओकडे जा, माझ्याकडेच असं नाही. जाताना एक्स-रेची पिशवी घरी राहिली तरी चालेल. घरात रोज वापरता ती चप्पल मात्र सोबत न्या, धुऊन-पुसून नको, आणि नवी घेतलेली तर नकोच. ती कुठल्या कडेला झिजलीय, त्यावरून तुम्ही टाच टेकवता की चुकवता ते दिसतं.